लूर्दला एक मुक्काम पुरे की तीन हवेत?

गिरीजकर

आपल्याकडून निघणाऱ्या रोम-लूर्द-फातिमा या ख्रिस्ती यात्रांत फ्रान्समधल्या लूर्दच्या वाट्याला बहुधा एकच रात्र येते. संध्याकाळी बस पोचते, घाईत जेवण, 9 ची मेणबत्त्यांची मिरवणूक, सकाळी ग्रोटोपाशी (मरियामातेचं दर्शन झालं ती गुहा) मिस्सा, झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या की निघाले. हे थांबायला हवं. दोन पूर्ण दिवस, म्हणजे तीन रात्री मिळत नसतील तर लूर्द यादीतून काढलेलं बरं.

कारण तिथला दिवस ठरलेल्या वेळांना बांधलेला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर रोज दुपारी 5 वाजता साक्रामेंताची (पवित्र भाकरीची) मिरवणूक निघते, संत पायस दहावे यांच्या भुयारी बॅसिलिकात जाते आणि तिथे आजाऱ्यांना आशीर्वाद मिळतो. झऱ्याच्या पाण्याची स्नानगृहं सकाळी आणि दुपारी उघडतात, मधे बंद. संध्याकाळी 7 ला पोचणाऱ्याचं हे सगळं हुकतं. दुसऱ्या दिवशी 10 ला बस सुटणार असेल तर स्नानगृहाच्या रांगेत उभं राहण्यातही अर्थ नाही.

शिवाय जिला मरियामातेचं दर्शन झालं त्या बर्नादेतचं गाव राहतंच. बोलीची गिरणी, जिथे ती जन्मली. आणि काशो, जुन्या तुरुंगाची ती एकच खोली, जिथे 1858 साली आई-वडील आणि भावंडांसह ती राहत होती. गरिबी काय असते ते त्या भिंतींपाशी कळतं. तिथे पाच मिनिटं तरी गप्प उभं राहायला हवं.

मडगावकर

विरोध नोंदवतो. दहा-बारा दिवसांची रजा, आयुष्यात एकदाच जमणारा खर्च, सोबत सत्तरीचे आईवडील. अशा घराला "तीन रात्री नाहीतर जाऊच नका" म्हणणं अन्यायाचं आहे.

बसचं गणितही बघा. लूर्द ते फातिमा रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास. युरोपात चालकाला दिवसाला 9 तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा 10. साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची. म्हणजे वाटेत स्पेनमध्ये एक मुक्काम करावाच लागतो. लूर्दला दोन रात्री वाढवल्या तर त्या रोममधून किंवा फातिमातून कापाव्या लागतील. कुठून कापू, तेही सांगा.

आणि 25 फेब्रुवारी 1858 ला मरियामातेने बर्नादेतला सांगितलं काय? झऱ्याचं पाणी पी आणि तिथे धू. पाण्याबाबत एवढंच. त्याला अर्धा तास पुरतो. ग्रोटोजवळ नळ आहेत, पाणी फुकट आहे.

गिरीजकर

@मडगावकर, 2 मार्चला तिने आणखी सांगितलं: धर्मगुरूंना सांग, लोकांनी इथे मिरवणुकीने यावं आणि इथे चॅपेल बांधावं. मिरवणूक हा मागाहून जोडलेला देखावा नाही, निरोपाचाच भाग आहे. एक रात्र राहणाऱ्याला दोनपैकी एकच मिळते, आणि जी हुकते ती आजाऱ्यांची.

कुठून कापायचं विचारलंत. फातिमा वेगळ्या यात्रेसाठी ठेवा.

सेवेकरी_ताई

दोघेही रात्री मोजताय, पण आजारी आणि वयस्कर माणसाच्या बाजूने बघा.

पहिली गोष्ट चढाची. लूर्द पिरेनीजच्या पायथ्याशी आहे, पण सपाट नाही. रेल्वे स्टेशन आणि वरचं गाव उंचावर, तीर्थस्थान खाली गाव्ह नदीकाठी. जाताना उतार सोपा वाटतो, मिरवणूक संपल्यावर रात्री तोच चढ गुडघे धरतो. हॉटेल ठरवताना "तीर्थस्थानापासून किती मीटर" एवढंच विचारू नका, "वर की खाली" हे विचारा. नदीजवळचं असेल तर म्हातारी माणसं दुपारी खोलीवर येऊन आडवी होऊ शकतात. वरच्या गावात असेल तर एकदा खोलीवर गेलेलं माणूस पुन्हा खाली येत नाही.

दुसरी, क्रूसाच्या वाटेची. येशूच्या क्रूसयात्रेचे प्रसंग दाखवणारी एस्पेलुग टेकडीवरची ही वाट सुमारे दीड किलोमीटर आहे, चढाची. ओतीव लोखंडाचे माणसापेक्षा मोठे पुतळे आहेत आणि सुरुवातीच्या पायऱ्या लोक गुडघ्यांवर चढतात. चाकाची खुर्ची तिथे नेऊ नका. नदीपलीकडच्या कुरणात संगमरवरी शिल्पांची सपाट वाट त्यांच्यासाठीच केली आहे. एकाच सकाळी मिस्सा, टेकडी आणि स्नानगृह असा बेत केला की कोणीतरी दमून बाकावर बसतं आणि सगळा गट त्याच्यासाठी खोळंबतो.

तिसरी, स्नानाची. पूर्वी सगळ्यांना संगमरवरी टाकीत उतरवत. ओली चादर गुंडाळायची, दोन्ही बाजूंनी सेवेकरी धरणार, पाणी 12 अंशांच्या आसपास. कोविडनंतर बहुतेकांसाठी "पाण्याचा विधी" असतो: सेवेकरी लोटीने ओंजळीत पाणी ओततो, आधी हात धुवायचे, मग चेहरा, मग प्यायचं. टाकीतलं स्नान मर्यादित आहे, ते मिळेलच असं धरून जाऊ नका. काही जण हिरमुसतात, "आमचं स्नान झालंच नाही" म्हणतात. पण वर मडगावकरांनी दिलेले शब्द वाचा: पी आणि धू. बुडव असं ती कुठेच म्हणाली नव्हती.

माझं मत दोन रात्री. एक पूर्ण दिवस मिळाला की 5 ची आणि 9 ची, दोन्ही मिरवणुका होतात.

पाणी_बाटली

टाकीतलं स्नान इतकं सहज सोडू नका. स्वतःला दुसऱ्यांच्या हाती सोपवणं हा त्यातला अनुभव आहे, ओंजळीने तो येत नाही. बरं होण्याची आशा घेऊन गेलेल्याला "हात धुतलेस, झालं" कसं सांगणार?

सेवेकरी_ताई

तुमच्या भावनेचा आदर आहे. पण बरं होणं टाकीला बांधलेलं नाही. तीर्थस्थानाचं वैद्यकीय कार्यालय 1883 पासून बरं झाल्याच्या नोंदी ठेवतं. सात हजारांवर प्रकरणं नोंदली गेली, आणि चर्चने 2025 पर्यंत चमत्कार म्हणून मान्य केली ती 72. गंभीर आजाराचं निदान आधी पक्कं हवं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं, आणि उपचाराने त्याचा उलगडा होता कामा नये. यातलं 70 वं प्रकरण सिस्टर बर्नादेत मोरियो यांचं. त्या 2008 साली लूर्दच्या यात्रेला गेल्या, आजाऱ्यांचा आशीर्वाद घेतला आणि बऱ्या झाल्या त्या काही दिवसांनी, आपल्या मठात परतल्यावर. म्हणून आजारी माणूस सोबत असेल तर स्नानाच्या रांगेपेक्षा 5 ची मिरवणूक आधी धरा. आजाऱ्यांसाठी हाताने ओढायच्या निळ्या गाड्या असतात, त्या माणसांना पुढे जागा मिळते.

मडगावकर

हा मुद्दा मान्य. 5 ची मिरवणूक चुकू नये, हे मी धरलं नव्हतं. पण त्यासाठी दुसरी रात्र लागतेच असं नाही. बस दुपारी 3 पर्यंत पोचवा. आदल्या रात्री बार्सिलोनाऐवजी तुलूझला थांबलं तर लूर्द दोन-अडीच तासांवर राहतं. सामान हॉटेलात टाकून थेट खाली. रात्र एकच, मिरवणुका दोन्ही.

गिरीजकर

कागदावर जमतं. पण 3 ला पोचलेल्या चाळीस माणसांना खोल्या मिळून, तोंड धुऊन, 5 ला कुरणात उभं करणं कठीण आहे. तुलूझहून सकाळीच निघा, दुपारचं जेवण लूर्दमध्ये घ्या, तर मानेन. काशो तरीही राहतंच.

पाणी_बाटली

मेणबत्तीभोवतीचा कागद पावसात भिजून लोळतो, तेव्हा रेनकोट घ्या, छत्री नको. छत्रीने मागच्याला दिसत नाही. जुलैतही रात्री शाल लागते. आणि पाणी हातातल्या सामानात नेऊ नका, 100 मिलिलिटरच्या वर बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात. प्लास्टिकची बाटली काठोकाठ न भरता थोडी दाबून हवा काढा, झाकण घट्ट लावा, पिशवीत बांधा आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. मरियामातेच्या आकाराच्या बाटल्यांचं मुकुटाचं झाकण सैल असतं, गळतं ते तिथूनच.