रविवार सोडून उरलेले सहा दिवस : तुमची उपासना कुठे घडते, कुठे बिघडते?

सलाम मंडळी.

मागच्या रविवारी चर्च सुटल्यावर आवारात गप्पा मारत उभे होतो. त्या दिवशी वचन होतं मार्कच्या बाराव्या अध्यायातलं, देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. रविवार शाळेतल्या एका पोरीनं मला गाठून विचारलं, "काका, पूर्ण मनानं म्हणजे नक्की किती मनानं?" मी हसून तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं. उत्तर काही दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. म्हणून हा धागा.

अटी दोनच. तारण कसं झालं, म्हणजे ख्रिस्तापाशी कसे आलो, ती मोठी साक्ष इथे नको. ती आपण एकमेकांची दहादा ऐकलीय, काहींची तर दर वर्षी थोडी वाढतही गेलीय. छोटं लिहा, सोमवार ते शनिवारमधलं. आणि नावं नकोत, स्वतःचंही नको आणि ज्याच्याशी बिघडलं त्याचंही नको.

सुरुवात माझ्यापासून. मी एसटीत कंडक्टर होतो, सांगली-तासगाव बरीच वर्षं केली. पहाटे साडेचारला उठून बायबल वाचायचो, गुडघे टेकायचो, मग ड्यूटी. एके दिवशी वाचन होतं आत्म्याच्या फळाचं, गलती पाच. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, सगळी यादी पाठ. पहिल्याच फेरीत एका म्हातारीनं पाचशेची नोट काढली आणि मी अख्ख्या गाडीसमोर तिला फाडून खाल्लं. तिनं नोट परत कनवटीला लावली, माझ्या छातीकडे बघितलं आणि म्हणाली, "गळ्यात येशूबाबाचं घातलंयस, आन् त्वांड हे असलं?"

त्या दिवशी मी काय केलं सांगू? गळ्यातला क्रूस काढून खिशात ठेवला. तोंड तेच ठेवलं. क्रूस परत गळ्यात यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत पहाटेची प्रार्थना एकदाही चुकली नव्हती, हे मुद्दाम लिहितोय.

आता तुम्ही लिहा.

*

मिरजेहून, निवृत्त सिस्टर

सलाम दादा. मी मिरजेत ट्रेनिंग केलं आणि पुढची पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला, तेव्हापासून आपल्या किती घरांतल्या मुली इथे पांढऱ्या कपड्यांत उभ्या राहिल्या असतील! माझी आई, मावशी, मी. त्यामुळे सेवा हा शब्द घरात इतका वापरून झाला होता की त्याचं मला काहीच वाटत नसे. नोकरी होती, पगार होता.

तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. पाण्याला उकळी फुटली की पुढे वीस मिनिटं घड्याळ लावून उकळायच्या. नाइटला त्या वीस मिनिटांत काहीच करता येत नसे, स्टरलायझरजवळ उभं राहायचं. झोप येऊ नये म्हणून मी स्तोत्र 121 म्हणायला लागले. "तुझा रक्षक डुलकी घेणार नाही." मी मात्र घेत असे, हे त्या स्तोत्राला माहीत होतं. स्तोत्र आठच ओव्यांचं, लगेच संपायचं. मग उरलेल्या वेळात खाट नंबर एकपासून सुरू करायचे. एक नंबरचा ताप, दोन नंबरची बाई आणि तिला भेटायला न येणारा नवरा, तीन नंबरचं पू येणारं पाऊल. शेवटच्या खाटेपर्यंत जाईतो घंटा व्हायची.

हे काही मी अध्यात्म म्हणून केलं नाही. पण वर्षभरानं लक्षात आलं, सकाळी ड्रेसिंगला गेले की त्या पावलाची घाण वाटत नाही. रात्री त्याचं नाव घेतलेलं असायचं ना. चर्चमध्ये त्या काळात मी निम्म्या रविवारी ड्यूटीमुळे गैरहजर. महिला मंडळात बोलणीही खाल्ली.

मग डिस्पोजेबल सिरिंजा आल्या. सोय झाली, जंतुसंसर्ग कमी झाला, चांगलंच झालं. माझी वीस मिनिटं मात्र गेली. त्यानंतर ठरवून बसायचा पुष्कळ प्रयत्न केला, तसं पुन्हा जमलं नाही.

*

वाईहून, गृहिणी

ताईंचं वाचून मी माझं लिहावं की नाही असं झालं. पण दादांनी बिघडलेलंही मागितलंय.

आमच्याकडे रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना. सासऱ्यांनी लावलेली शिस्त, ते गेल्यावर सासूबाईंनी चालवली, आता माझ्याकडे आलीय. एक गीत, एक अध्याय, मग प्रत्येकानं आळीपाळीनं प्रार्थना. मुलगा अध्याय वाचताना पानं मोजतो. ते सोडा.

मला माझी चूक कळली ती धाकटीमुळे. एका रात्री तिची पाळी आली आणि तिनं डोळे मिटून माझ्याच आवाजात सुरू केलं, "हे दयाळू बापा, तू जाणतोस की वरच्या मजल्यावरच्या काकू कशा वागतात, आणि आत्यानं दिवाळीला फोनसुद्धा केला नाही, तरी तू त्यांना सुबुद्धी दे." नवरा हसू दाबायला उठून पाणी प्यायला गेला. मी तिथंच लाल झाले. रोज देवापुढे बसून मी चहाड्या सांगत होते, फक्त शेवटी आमेन लावून.

आता मी ठरवलंय, ज्याचं नाव प्रार्थनेत घ्यायचं त्याला आधी काहीतरी द्यायचं. काकूंना मेथीचे पराठे दिले. काकू अजून तशाच आहेत.

*

सांगलीहून, पेठेत दिवाणजी

हळदीच्या पेढीवर लिखापढी करतो. पेढीचं नाव अर्थातच नाही. नीतिसूत्रे अकरा, एक : खोटा तराजू परमेश्वराला आवडत नाही. हे वचन आमच्या घरात कॅलेंडरवर होतं, आणि मी पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, वजनाची घट जरा जास्त धरून लिहीत होतो. हळद वाळते, घट येतेच, त्यामुळे कुणाला कळत नाही. पोत्यामागे थोडी. सांगतील तसं लिहायचं.

एकदा पट्टी घ्यायला आलेला शेतकरी आमच्याच मंडळीतला निघाला. त्यानं "तुम्ही आहात म्हटल्यावर बघायचं काय" म्हणून न वाचताच खिशात घातली. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, घट मोजू तेवढीच लिहीन. त्यांनी आरडाओरड वगैरे केली नाही. फक्त पट्ट्यांचं काम दुसऱ्याकडे दिलं आणि मला गोदामाच्या आवक-जावकीला बसवलं. पगार तोच, दिवाळीचं पाकीट बारीक झालं. घट अजून तशीच लिहिली जाते, दुसऱ्याच्या अक्षरात. मी नोकरी सोडली नाही. पोरांची फी आहे. याला पूर्ण मन म्हणायचं का, तुम्हीच बघा.

*

(धागा सुरू करणारा मीच मधे लिहितो : दिवाणजी, मला तर हा या धाग्यातला सगळ्यात सरळ अनुभव वाटला. नोकरी सोडली असतीत तर साक्ष झाली असती, टाळ्याही पडल्या असत्या.)

*

एक पाळक, सातारा जिल्हा

धागा चांगला आहे, पण एक खटकतं ते सांगतो. सिरिंज उकळणं उपासना, पराठा उपासना, घट बरोबर लिहिणं उपासना, सगळंच उपासना म्हटलं की रविवारी खुर्च्या रिकाम्या राहतात. इब्री लोकांस पत्रातला दहावा अध्याय काढा, एकत्र जमणं सोडू नका असं स्पष्ट आहे. सोमवारी जे घडतं त्याचं बी रविवारी पडतं. मी तीस वर्षं बघतोय, "माझी भक्ती माझ्या कामात" म्हणणारा माणूस पाच वर्षांनी ना भक्तीत सापडतो ना मंडळीत. सिस्टर अपवाद आहेत. त्यांच्या खाटा नंबरांसकट त्यांना पाठ होत्या. आपल्याला आपल्या शेजारच्या बाकावरच्याचं दुखणं माहीत असतं का?

*

मिरज-सांगली रोडवरून

पाळकसाहेबांच्या शेवटच्या प्रश्नावर. माझा सख्खा भाऊ माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. वडिलांच्या जागेवरून. दोघंही दर महिन्याला प्रभुभोजन घेत होतो, एकाच ताटातली भाकर. मत्तय पाचमधलं, अर्पण वेदीजवळच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे कुणी वाचायला लागलं की मी गीतपुस्तक चाळायचो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं. भावाचं घर गावभागात. मी काही फार विचार केला नाही, ट्रॅक्टरवाल्याला गाठून गेलो. तो जिन्यावर बसला होता, मांडीवर आईचं बायबल, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ मारलेली. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "गॅस बंद केलाय का बघ."

सोळा दिवस माझ्याकडे राहिला. पाणी उतरल्यावर दोघांनी मिळून त्याच्या घरातला गाळ खोऱ्यानं ओढला. कोर्टातली केस अजून आहे, तारखेला दोघंही एकाच गाडीवरून जातो. वकील चिडतात.

*

तासगाव तालुका, बागायतदार

हंगामाच्या सणाला द्राक्षबागेतला पहिला माल चर्चमध्ये नेतो, पेटी भरून. सणाच्या लिलावात पेटीला बाजारापेक्षा तिप्पट भाव येतो आणि माझी मान ताठ होते. गेल्या साली अवकाळीनं मणी तडकले, नेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गेलोच नाही. बायको गेली, परसातला एक भोपळा घेऊन. तिचाही लिलाव झाला. एवढंच.

*

नाव-गाव नको

मुलगा गेल्याला चार वर्षं झाली. मी गात नाही. मागच्या बाकावर बसतो, आशीर्वाद व्हायच्या आत उठतो. लोक म्हणतात विश्वास ठेवा. जो येतो त्यानं ठेवलेला नाही असं का धरतात? स्तोत्र 88 कुणी उपासनेत वाचत नाही, ते अंधारातच संपतं. मी तेवढं वाचतो.

*

सातारा, तरुण संघ

वरच्या काकांनंतर लिहायला अवघड वाटतंय. काका, कधी साताऱ्याला आलात तर मागच्या बाकावर तुमच्याशेजारी बसेन.

माझं असं. मी कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी ड्रम आले, लाइट आले, गाणी बरीचशी हिंदी-इंग्रजी. मजा यायची, खोटं कशाला बोलू. फक्त एकदा डोळे मिटून, हात वर करून गात असताना मी एक डोळा उघडून मोबाईल रेकॉर्ड करतोय ना ते बघितलं. नंतर व्हिडिओत ते दिसलंही.

आजोबा टाळ घेऊन भजन गाणारे. मला त्याची लाज वाटायची, मित्र म्हणायचे तुमच्यात पण वारकरी असतात का. आजोबांनी मग सांगितलं की ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून आपल्या साताऱ्यात येऊन राहिले होते, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा इथेच मांडला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणायचे. मी साताऱ्यात जन्मलो, शिकलो, आणि हे मला बाविसाव्या वर्षी कळतंय.

आता शुक्रवारी आजोबांच्या खोलीत आम्ही चौघं बसतो. टाळ दिसतो सोपा, पण मी पुढे पळतो. आजोबा गाणं थांबवत नाहीत, फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवतात, मग मला कळतं की परत घाई झाली. रेकॉर्डिंग नाही, कारण त्या खोलीत उजेडच पुरत नाही.

पाळकसाहेब, रविवारी मी असतोच, कीबोर्डवर.

*

मिरजेहून, निवृत्त सिस्टर

चार वर्षांवाल्या भाऊ, तुमच्या मुलाचं नाव इथे लिहू नका, पण मला कळवायचं असेल तर दादांकडे द्या. खाट नंबर एकच्या आधी घेईन. वीस मिनिटं नाहीत आता, पण दूध तापायला ठेवते तेवढा वेळ असतो. परवा उतू गेलं.