ग्वादालाहारात काय खावं, कुठे भटकावं?

वांगीभरीत
नमस्कार मंडळी. नवऱ्याला आयटी प्रोजेक्टसाठी ऑक्टोबरात मेक्सिकोत, ग्वादालाहाराला जायचंय. मीही सोबत निघालेय. त्याला काहीही चालतं, मी अंड्याच्या पुढे जात नाही. तो ऑफिसात असताना एकटीच भटकणार. 'टॉप टेन' याद्या वाचून डोकं भणभणलंय. तिथे राहिलेल्या कुणी सांगाल का?

रिकामटेकडा
ताई, मी राहिलोय तिथे. या गावात कुठे खायचं यापेक्षा कधी खायचं ते आधी बघा. सकाळी बिर्रिया, दुपारी तोर्ता, अंधार पडला की टाको. बिर्रियासाठी (बोकडाचं मटण, नवऱ्याला धाडा) नुएवे एस्किनास भागात जायचं, तेही सकाळीच.

तोर्ता आओगादा ही इथली खरी ओळख. बिरोते नावाचा आंबवलेल्या पिठाचा खारट, कडक पाव. त्यात बीन्स आणि डुकराचं मटण भरून वरून टोमॅटोचा रस्सा ओततात. साधा पाव असता तर लगदा झाला असता, बिरोते मात्र शेवटच्या घासापर्यंत दाताखाली लागतो. चिले दे आर्बोल मिरचीचा जाळ रस्सा वेगळा असतो. मिसळीचा कट मागतो तसा तो बाजूला मागा आणि जरा जरा घ्या. 'बियेन आओगादा' म्हणालात तर सगळा पावच त्यात बुडवून देतील, मग रडत खा! काही ठिकाणी हातमोजे देतात, लाजू नका, घाला. तुमच्यासाठी मटणाऐवजी पनेला चीज घालतात का विचारा. बीन्स मात्र बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेल्या असतात.

म्हणून नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्करच येतं, कोंबडी नि हॅम त्यात मोजत नाहीत. 'सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका' (कोंबडी नको, हॅम नको, डुकराची चरबी नको) एवढं पाठ करा. बटाट्याचे तळलेले टाको, भोपळ्याच्या फुलांचा केसादिया, कणसाचे एस्कितेस यांवर तुमचं मस्त निभेल. उन्हात फिरून आलात की तेहुइनो प्या: आंबवलेला मका, गूळ, लिंबू, मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा. पहिला घोट विचित्र लागेल. गोडात हेरिकाया, दूध-अंड्याचं, वरून मुद्दाम करपवलेलं.

बघायला एकच जागा निवडायची तर ओस्पिसियो काबान्यास. जुना अनाथाश्रम आहे, तिथे होसे क्लेमेंते ओरोस्को यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस भित्तिचित्रं रंगवली. घुमटात आगीत जळणारा माणूस आहे. खाली बाकांवर चक्क आडवं पडून बघा, सगळेच पडतात. सोमवारी बंद असतं. शेजारीच सान हुआन दे दिओस बाजार. तो कॅथेड्रलचा सेल्फी पाच मिनिटांत उरका.

मिरची_कमी
+१ तेहुइनो. काका, शहराला लागून असलेलं त्लाकेपाके राहिलं की! मेट्रोची तीन नंबरची लाइन थेट नेते. इंदिपेंदेन्सिया रस्त्यावर गाड्या नाहीत, दुकानं छान, पण किमती पर्यटकांच्या. मातीची भांडी घ्यायची तर गुरुवारी किंवा रविवारी जवळच्या तोनाला गावच्या आठवडी बाजारात जा. आणि १२ ऑक्टोबरला झोप मोडा. त्या दिवशी पहाटे शेजारच्या सापोपानच्या मेरीमातेची मूर्ती कॅथेड्रलमधून मिरवत तिच्या बासिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) नेतात. पिसांचे मुकुट घातलेले नर्तक रस्ताभर नाचत असतात. गर्दी प्रचंड, पर्स पुढे धरा.

वांगीभरीत
वा, वा! मान्तेका पाठ करतेय. रविवारी नवरा मोकळा असतो, आम्ही दोघं काय करू?

रिकामटेकडा
सकाळी ८ ते दुपारी २ बरेच मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात. चालायला, सायकलींना मोकळे. वाय्यार्ता रस्त्यावरून रपेट मारा. तिथून सांता तेरे या वस्तीत शिरा, नवऱ्याला 'कार्ने एन सु हुगो' खाऊ घाला: स्वतःच्याच रसात शिजलेलं बीफ, बेकन आणि बीन्स. त्याचं खाणं होईपर्यंत तुम्ही समोरच्या बाजारात फळं खा, तिखट-लिंबू मारून. आंबा मिळाला तर हापूसशी तुलना नको, उगाच भांडण होईल.