मार्चिंग बँड म्हणजे डॉलर पाण्यात? (ओहायो स्टेटच्या निमित्ताने)

कोलंबसची_आई
परवा इथे एकांनी लिहिलं, "लाखोंची फी भरून अमेरिकेत इंजिनिअरिंगला घातलेली पोरं डोक्याला तुरा खोवून मैदानात कवायत करतात. फुटबॉलच्या मध्यंतरातली करमणूक. आईबापांचे डॉलर पाण्यात." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझी मुलगी कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवते, म्हणजे अंगाभोवती घालायचं मोठं फुंकवाद्य. शिकते मेकॅनिकल. त्या पितळी वेटोळ्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास. ते अंगावर घालून, गुडघे उचलत, मिनिटाला १८० पावलांच्या लयीत स्टेडियमच्या उतारावरून मैदानात उतरायचं. स्टेडियम १९२२ सालचं, घोड्याच्या नालेसारखं, लाखभर माणूस बसतं. आधी नुसते ढोल ऐकू येतात, बँड दिसतच नाही. मग लोक उभे राहतात. मी तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळा रडले.

ही "करमणूक" १८७८ पासून चालू आहे. सुरुवात झाली लष्करी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ढोल-बासरीच्या पथकातून. १९३४ साली यूजीन वायगल या संचालकांनी क्लॅरिनेट, बासऱ्या सगळं काढून फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यं ठेवली. आणि १० ऑक्टोबर १९३६ ला पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात बँडने पहिल्यांदा चालता चालता मैदानावर "ओहायो" लिहिलं, इंग्रजी वळणदार अक्षरांत. शेवटी "आय"वरचं टिंब द्यायला एक सूझाफोनवाला झोकात येतो आणि दोन्ही बाजूंना कमरेतून वाकतो. हा मान चौथ्या वर्षापासून मिळू शकतो, आधी नाही.

जागा कोणाचीच कायम नसते. राखीव वादक मैदानावरच्याला आव्हान देऊ शकतो. हरलात तर शनिवारच्या सामन्याला तुम्ही बाहेर. दुसऱ्या वर्षी माझी मुलगी हरली. फोनवर रडत होती. मी म्हटलं, सोड मग. ती म्हणाली, "आई, आता आव्हान द्यायची पाळी माझी." दोन आठवड्यांनी जागा परत मिळवली. हे कुठल्या वर्गात शिकवतात ते सांगा.

स्पष्टवक्ता_डोंबिवली
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते उगाच लिहिलेलं नाही. माझा पुतण्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या बँडमध्ये होता. रोज सराव, शनिवारी सामना, बाहेरगावचा सामना असला की रात्रभर बस. दोन विषय राहिले, एक सेमिस्टर वाढलं. ते कर्ज माझा भाऊ अजून फेडतोय, घर गहाण आहे. तुमची मुलगी जिद्दीची आहे, चांगलं आहे. पण एका मुलीवरून परंपरा थोर ठरत नाही.

आणि परंपराच काढलीत तर पूर्ण सांगा. याच बँडमध्ये १९७३ पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता, आदल्या वर्षी टायटल नाइनचा, म्हणजे शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी करणारा कायदा आला तेव्हा दार उघडलं. २०१४ मध्ये याच विद्यापीठाने चौकशी करून बँडच्या संचालकांना काढलं, कारण बँडमधलं वातावरण लैंगिक शेरेबाजीने बरबटलेलं होतं असा अहवाल आला. अर्ध्या कपड्यांत मध्यरात्रीची संचलनं, नव्या मुलांना घाणेरडी टोपणनावं. आणि फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडमध्ये २०११ साली रॅगिंगमध्ये ड्रम मेजरचा, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याचा जीव गेला. "परंपरा आहे" म्हणूनच हे सगळं वर्षानुवर्षं खपलं.

कोलंबसची_आई
१९७३ खरं आहे. २०१४ पण खरं आहे. मुलीने नाव घालायच्या आधी मी तो अहवाल वाचला होता, दोन रात्री झोपले नव्हते. संचालकांना काढणं अन्याय होता असं मानणारे जुने वादक आजही भेटतात. मी त्यांच्यात नाही. पण तुमच्या लेखात यातलं एक अक्षर नव्हतं. लेखात होता तुरा आणि डॉलर. आज अडचण झाली म्हणून २०१४ आठवलं.

अ‍ॅन_आर्बरी
ताई, तुमचं बाकी सगळं पटलं, पण इतिहास नीट सांगा. वळणदार अक्षरात "ओहायो" पहिल्यांदा लिहिलं ते तुमच्या प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठाच्या, म्हणजे आमच्या अ‍ॅन आर्बरच्या बँडने, १९३२ साली, तुमच्याच स्टेडियमवर. पाहुण्यांनी यजमानांना दिलेली मानवंदना होती ती. चार वर्षांनी यजमानांनी ती स्वतःची म्हणून मिरवायला सुरुवात केली. कोलंबसमध्ये कोणाला सांगून बघा, तुमच्याकडचे लोक तर मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, "उत्तरेकडची ती टीम" म्हणतात.

कोलंबसची_आई
मिशिगनने शब्द उभा केला. इथे एक रांग फिरत फिरत, एकमेकांना छेदत तो लिहिते, आणि टिंब देते. फरक आहे की नाही?

अ‍ॅन_आर्बरी
टिंबाचंच घ्या मग. १९३६ साली टिंब दिलं ट्रम्पेटवाल्याने, जॉन ब्रंगार्टने. सूझाफोन आला १९३७ मध्ये. वाकण्याची पद्धत १९३८ ची: ड्रम मेजर टिंबापाशी लवकर पोचला, संगीत उरलं, म्हणून सूझाफोनवाला वळून वाकला. ऐनवेळची सारवासारव म्हणजे तुमची पवित्र परंपरा.

कोलंबसची_आई
असेल. नव्वद वर्षं कोणी ती सोडली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेठेतला_ताशा
हे वाचताना एकच वाटतंय. आपल्याकडे ढोल-ताशा पथकं आहेत, त्यांच्याबद्दल कोणी एवढं भरभरून लिहीत नाही. मी अकरा वर्षं ताशा वाजवलाय. नदीपात्रात दोन-दोन महिने सराव, नोकरी करून. कागदावर एक खूण नाही, सगळं कानाने. विसर्जनाच्या मिरवणुकीत बारा-बारा तास उभं राहून वाजवायचं. हातातून रक्त येतं, पट्ट्या बांधून वाजवतो. तुमच्या बँडला वर्गाचे क्रेडिट मिळतात, गणवेश मिळतो. आम्ही वर्गणी भरून वाजवतो. आणि मुली आमच्याकडे कायदा न येता आल्या.

स्पष्टवक्ता_डोंबिवली
तुमची पथकं म्हणजे कानाचे पडदे फाडायचा उद्योग. माझी आई हृदयरोगी, गणपतीचे दहा दिवस तिला गावी नेऊन ठेवावं लागायचं. त्या ओहायोवाल्यांचं निदान स्टेडियममध्ये तरी असतं.

पेठेतला_ताशा
डीजेच्या भिंती आणि पथक एकाच मापात मोजू नका. तुमच्या आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. पण आम्ही कोणी बाजारबुणगे नाही. डॉक्टर आहेत, सीए आहेत, शिकलेली घरंदाज मुलं आहेत पथकात. लग्नातले बँडवाले समजलात की काय?

क्लॅरिनेटवाल्याची_लेक
इथे थांबा.

"लग्नातले बँडवाले समजलात की काय." माझे वडील लग्नातले बँडवाले होते. कऱ्हाडच्या बाजूला, छत्तीस वर्षं, क्लॅरिनेट. पलटणीतून निवृत्त झालेल्या एका बँडमास्तरांकडे ते नोटेशन वाचायला शिकले होते. हो, कागदावरून वाचायचे. लाल डगला, खांद्याला सोनेरी झालर, वैशाखाच्या उन्हात. लगीनसराईत दिवसाला दोन सुपाऱ्या. नवरदेव घोड्यावर, वडील त्याच्यापुढे चार तास चालत वाजवायचे, आणि पंगत बसली की बँडवाल्यांनी मांडवामागे थांबायचं. सगळे जेवून उठले की उरलेलं. पत्रावळी उचलायच्या जागेच्या शेजारी.

शाळेत माझं नाव कोणी घेत नव्हतं. "ए पिपाणी" म्हणायचे. मॅट्रिकला मी पहिली आले, तेव्हा सत्कारात बाईंनी वडिलांचा व्यवसाय वाचला "कलाकार", आणि मागे सगळे हसले. वडील पुढच्या रांगेत बसले होते.

पथकात तुमचे सीए-डॉक्टर दोन महिने वाजवतात, ती संस्कृती. आमचे लोक पोटासाठी आयुष्यभर वाजवतात, ते बँडवाले. आणि ओहायोच्या ताई, तुम्ही सहज लिहिलंत, "क्लॅरिनेट काढून टाकली." मी ते वाक्य तीनदा वाचलं. वडील ऐकते तर म्हणाले असते, मग सूर कोण धरणार? तुमच्या मुलीचा मला हेवा वाटतो. तिच्या अंगावर डगला चढला की लाख लोक उभे राहतात. माझ्या वडिलांच्या अंगावर चढला की लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जायचे.

पेठेतला_ताशा
मला तसं म्हणायचं नव्हतं.

क्लॅरिनेटवाल्याची_लेक
तसंच म्हणायचं होतं. "घरंदाज" हा शब्द तुम्हीच वापरलात.

कोलंबसची_आई
ताई, क्लॅरिनेटचं मी विचार न करता लिहिलं. वायगलना इंग्लंडमधल्या ब्रास बँडसारखा आवाज हवा होता, उघड्या मैदानात लांब जाणारा. पण ज्यांची वाद्यं काढली त्या मुलांचं काय झालं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि माझ्या लग्नातही बँड होता. ते लोक कधी जेवले, मला आठवत नाही.

स्पष्टवक्ता_डोंबिवली
विषय कुठे होता आणि कुठे गेला. तरीही. "तुरा खोवून" हे वाक्य मी मागे घेतो, ओहायोसाठी नाही, या ताईंच्या वडिलांसाठी. फी आणि वेळेचा मुद्दा मात्र तिथेच आहे. वर्षाला एवढे तास देणारी गोष्ट विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगायला हवी, आणि माझ्या भावाला कोणीही सांगितली नव्हती.

कोलंबसची_आई
हे मात्र बरोबर आहे. आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं. ऑगस्टमधल्या निवडीच्या आधी उन्हाळाभर सराव असतो, हे मला मुलीने सुट्टीची तिकिटं रद्द करायला लावली तेव्हा कळलं.

पेठेतला_ताशा
रात्रभर विचार केला. माझ्या लग्नात बँडवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. व्यवस्था माझ्या काकांकडे होती, पण मी तिथेच होतो आणि मला खटकलं नाही. "घरंदाज" मागे घेतो. पथकाबद्दलचं बाकी काही मागे घेत नाही. ताई, तुमचे वडील कोणत्या पट्टीची क्लॅरिनेट वाजवायचे?

क्लॅरिनेटवाल्याची_लेक
बी फ्लॅट. तीन चाव्यांना रबरबँड लावलेले होते, स्प्रिंग तुटल्या होत्या. बदलायला पैसे नव्हते.

अ‍ॅन_आर्बरी
१९३२ चं कोणी सरळ मान्य केलेलं नाही अजून.

कोलंबसची_आई
मान्य. अक्षरं आधी तुम्ही काढलीत. टिंब आमचं.