मदत हवी आहे : फॉर्म 'फिल इन', 'फिल आउट' की 'फिल अप'?

लंडनच्या सहकाऱ्यांना मेल पाठवायची आहे : सोबतचा फॉर्म भरून शुक्रवारपर्यंत परत करा. मसुद्यात 'प्लीज फिल अप द फॉर्म' होतं. तपासणाऱ्याने 'अप' खोडून 'इन' केलं. अमेरिकी नमुन्यांत मात्र 'आउट' दिसतं. नेमका फरक काय? आणि पुढच्या वाक्यात फॉर्मऐवजी 'इट' घेतलं तर ते कुठे बसवायचं?

प्रतिसाद 1 :
लंडनसाठी 'फिल इन' ठेवा. तिकडे तेच जास्त चालतं, 'फिल आउट'ही खपतं. अमेरिकेत अख्ख्या फॉर्मसाठी 'फिल आउट'कडे कल. पण एकेका रकान्याबद्दल दोन्हीकडे 'इन'च : 'फिल इन युवर नेम'. तिथे 'आउट' चुकतं, कारण त्याला पुरा कागद लागतो.

'फिल अप' म्हणजे काठोकाठ भरणं : पेट्रोलची टाकी, बाटली, सभागृह. फॉर्मसाठी ते भारतात सर्रास चालतं. बाहेरच्यांना कळतं, पण खटकतं. आपण बादली भरतो, फॉर्म भरतो आणि फीसुद्धा भरतो, तिथेच घोळ होतो. 'फिल द फीज' तर कुठेच चालत नाही, तिथे 'पे' हवं.

'इट' मधे येतं : 'फिल इट इन'. 'फिल इन इट' साफ चूक. नाम असेल तर 'फिल इन द फॉर्म' आणि 'फिल द फॉर्म इन' दोन्ही बरोबर. वाचक दोन्ही देशांतले असतील तर सरळ 'कम्प्लीट द फॉर्म' लिहा.

प्रतिसाद 2 :
एक भर. मधे माणूस आला की अर्थ पालटतो. 'फिल मी इन' म्हणजे काय घडलं ते मला सांगा. 'फिल इन फॉर' आणि पुढे माणूस, तर त्याच्या जागी बदली काम करणं. 'ही हॅज फिल्ड आउट' म्हणजे तो अंगाने भरलाय. इथे मात्र आपलं 'भरणं' चपखल बसतं!

धागाकर्ता :
'फिल इन' केलं. त्याच मेलमध्ये माझ्या ओळखीत 'आय पास्ड आउट इन 2019' आहे. ते चालेल?

प्रतिसाद 1 :
नको. तिकडचा वाचक 'मी 2019 मध्ये बेशुद्ध पडलो' असं वाचेल. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2019' लिहा. कॉलेजचं नाव द्यायचं तर 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम'. खडकवासल्याच्या एनडीएतली 'पासिंग आउट परेड' बरोबरच आहे, पण तो लष्करी प्रशिक्षण पुरं झाल्याचा ब्रिटिश वापर. कॉलेजला तो लावू नका.