मराठी वाचकाला कोंकणी किती कळेल, हे लेव्हेनश्टाइन अंतराने मोजता येतं का? (चर्चेत बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत.)

शब्दजोडी: देवनागरी कोंकणी आणि मराठीच्या २०० शब्दजोड्यांवर पायथनमध्ये लेव्हेनश्टाइन अंतर (एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती चिन्हं बदलावी लागतात) काढलं, लांब शब्दाच्या लांबीने भागून. घोडा–घोडो ०.२५, डोळा–दोळो ०.५, दिवस–दीस ०.५, पाणी–उदक १. दोन अडचणी आहेत. दिवस–दीस जास्त दूर वाटतात, तरी आकडा डोळा–दोळोइतकाच. आणि मराठीकडून मोजा वा कोंकणीकडून, उत्तर एकच.

अंत्यस्वर: पहिल्या अडचणीचं कारण लिपीत आहे. व्यंजनातला ‘अ’ लिहिला जात नाही, म्हणून संगणकाला तो दिसत नाही. आधी एनएफसी सामान्यीकरण करा (म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या युनिकोड संकेतांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं होतं), मग ध्वनी सुटे करा आणि शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला ‘अ’ गाळा. ‘दिवस’चे पाच ध्वनी होतात, ‘दीस’चे तीन, अंतर ०.६. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडून दिलात तर ०.४. ड–द अशा जवळच्या व्यंजनांच्या बदलाला १ ऐवजी ०.५ किंमत द्या, डोळा–दोळो ०.३८ वर येईल.

दुसऱ्या अडचणीसाठी, म्हणजे दिशेसाठी, सशर्त एन्ट्रॉपी (एका भाषेतला ध्वनी दिसल्यावर दुसरीतल्या ध्वनीबद्दल उरणारी अनिश्चितता) लागेल, कारण हे अंतर मुळातच सममित आहे. कोंकणीतला पुल्लिंगी अंत्य ‘ओ’ मराठीत ‘आ’ होतो: आंबो, रस्तो, घोडो. उलट मराठीचा अंत्य ‘आ’ कधी ‘ओ’ होतो, कधी ‘शाळा’सारखा तसाच राहतो. निम्मे-निम्मे धरले तर मराठी वाचणाऱ्या कोंकणी माणसाला त्या जागी १ बिट (दोनांतलं एक निवडण्याइतकी) अनिश्चितता, कोंकणी वाचणाऱ्या मराठी माणसाला ०. मात्र यादीत एकदाच आलेल्या अक्षराची एन्ट्रॉपी आपोआप ० येते, आणि २०० जोड्यांत अशी अक्षरं बरीच निघतील. त्यांवर विसंबू नका.

पाणवठा: त्याआधी पाणी–उदकसारख्या वेगळ्या मुळाच्या जोड्या बाजूला काढा, नाहीतर प-उ असे खोटे संबंध एन्ट्रॉपीत शिरतात. आणि ‘उदक’चं अंतर १ हे मला मान्य नाही! ‘उदक सोडणे’ म्हणणाऱ्याला तो शब्द कळतो. ‘दीस’लाही बोलीतला ‘दिस’ आहेच. तुलना भाषांतराशी नको, वाचकाला माहीत असलेल्या सर्वांत जवळच्या शब्दाशी करा. ‘नुस्तें’ला असा आधार नाही, तो शब्द वाचून मासे डोळ्यांसमोर येत नाहीत.

शब्दजोडी: मग एखादं तयार बहुभाषिक मॉडेल वापरून सरप्रायझल (पुढचं अक्षर किती अनपेक्षित आहे याचं माप) काढू का?

अंत्यस्वर: नको. त्याने कोंकणी आधीच वाचलेली असू शकते. फक्त मराठी मजकुरावर अक्षरांचं ५-ग्रॅम मॉडेल (आधीच्या चार अक्षरांवरून पाचव्याचा अंदाज करणारं) बांधा. माणसांवर पडताळताना गोव्यातले वाचक वेगळे ठेवा: तिथे शाळा, वर्तमानपत्रं, नाटकं यांतून मराठी कानावर-डोळ्यांवर पडलेली असते, आणि तो सराव एन्ट्रॉपीत मोजला जात नाही.