'बलक' नेमका कोणता? आणि अंड्यांची 'घडी'?

प्रश्न : बेबिंकाची, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या मिठाईची, कृती मिळाली. साहित्यात 'बलक १०' एवढंच आहे. आमच्या घरी पांढरा बलक आणि पिवळा बलक, दोन्ही म्हणतात, म्हणून अडले. दुसऱ्या एका केकच्या कृतीत 'अंडी वेगळी करा' आणि 'पांढऱ्याची घडी घाला' असं लिहिलंय. कशापासून वेगळी? सासूबाई अंडं खात नाहीत, तेव्हा बदली काय चालेल तेही सांगा.

— बलक म्हणजे पिवळं. 'पिवळा बलक' हा तसा पिवळा पीतांबरच. पण पांढऱ्याला सुटसुटीत नाव नाही, म्हणून 'पांढरा बलक' रूढ झाला. तुमच्या कृतीत १० अंड्यांचं फक्त पिवळं घ्या.

'वेगळी करा' आणि 'घडी घाला' ही दोन्ही इंग्रजीतून उचललेली वाक्यं. पांढरं एका भांड्यात, पिवळं दुसऱ्यात, एवढाच अर्थ. पिवळ्याचा थेंबही पांढऱ्यात पडू देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशाने फेस नीट चढत नाही. घडी म्हणजे फेटलेलं पांढरं पिठात खालून वर, हलक्या हाताने मिसळणं, भरलेली हवा निघून जाऊ नये म्हणून. मी कृती लिहिताना 'खालून वर परता' लिहिलं होतं, तर बहिणीने फोन करून विचारलं, 'कढई किती तापवू?'

— बदलीचं उत्तर क्रियापदातच असतं. 'अंडं कालवा' असेल (कटलेटचं सारण, कुकीज) तर ते बांधून ठेवायला आहे. १ अंड्याला १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात भिजवा, दहा मिनिटांत बुळबुळीत होते. 'वरून लावा' असेल तर दूध पुरे. साध्या केकला अंड्यामागे पाव कप दही. 'फेस येईपर्यंत फेटा' म्हटलं की मात्र दही-जवस कामाचे नाहीत. तिथे काबुली चणे शिजवलेलं पाणी, ३ मोठे चमचे म्हणजे एक अंडं, नुसत्या पांढऱ्याऐवजी २. त्याला २०१५ पासून 'अक्वाफाबा' म्हणतात, लॅटिनमध्ये पाणी आणि शेंगदाणे की काय ते.

— शेंगदाणे नव्हे हो, घेवड्यासारखं कडधान्य! बाकी सगळं बरोबर. फक्त बेबिंकाला बदली शोधू नका. मैदा, साखर, नारळाचं दूध, तूप आणि पिवळं, यातलं पिवळं काढलं तर थर धरायचे कशाने? सासूबाईंसाठी बिनअंड्याचा केक वेगळा करा.

— कळलं. पण १० अंड्यांचं पांढरं उरेल, त्याचं काय?

— पोर्तुगालच्या मठांत जोगिणी पांढऱ्याने झग्यांना खळ करायच्या आणि उरलेल्या पिवळ्याची मिठाई, असं सांगतात. तुमचं उलटं झालंय.

— आमच्याकडे झगे नाहीत. उद्या सकाळी ऑम्लेट.