मदत हवी आहे: 'गोदान'नंतर काय वाचावं?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या आमच्या गावात सोयाबीन निघालं की वाचनालयात रात्री मोठ्यानं वाचन चालतं. सध्या प्रेमचंदांचं 'गोदान' (१९३६) सुरू आहे, मूळ हिंदीतूनच. हीरा सख्ख्या भावाच्या, गरीब शेतकरी होरीच्या, गाईला विष घालतो. तरी त्याच्या घराची झडती होऊ नये म्हणून होरी कर्ज काढून दारोगाला लाच द्यायला निघतो, अन् त्याची बायको धनिया ते पैसे हिसकावून भिरकावते! इथं आमची जुंपली.

म्हातारे म्हणतात, माणूस जात्याच जळका. पोरं म्हणतात, दोष गरिबीचा अन् सावकाराचा. मला पोरांचं अर्धंच पटतं. पोरापासून दिवस गेलेल्या विधवा झुनियाला घरात घेतलं म्हणून होरीला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड ठोकणारे पंच काही उपाशी नव्हते.

पुढचं पुस्तक उद्धव शेळक्यांची कादंबरी 'धग' ठरलंय, बोली आपलीच वऱ्हाडी. त्यानंतरचं सुचवा. खाऊनपिऊन सुखी माणसांचा दुष्टपणा दाखवणारी जुनी कादंबरी किंवा कथा असेल तर उत्तम, शहरातली असली तरी चालेल. फक्त लांबलचक उपदेश नको, बाया उठून जातात.